साहेब नावाचं लंगडं कबुतर

ब्युरेटच्या, म्हणजे मोजनळीच्या, टोकाशी लोंबणारा थेंब आधी लांबट होतो, मग त्याची मान बारीक होते, आणि मान तुटल्यावरच तो पडतो. साधारण चार सेकंद लागतात. असे वीस थेंब झाले की एक मिलिलिटर. पाण्याचा कठीणपणा मोजताना फ्लास्कमधलं लालसर पाणी शेवटच्या थेंबाला एकदम निळं होतं. तो शेवटचा थेंब नेमका कोणता, हे ओळखण्यासाठीच तिला पाणी तपासणी प्रयोगशाळेत पगार मिळत होता. सहा वर्षांत तिचा तो थेंब कधी चुकला नव्हता. उलट सगळं बरोबर आलं तरी ती ‘अजून एकदा’ म्हणून नव्याने मोजायची, म्हणून तिथे तिचं नावच ‘अजूनएकदा’ पडलं होतं.

त्या शुक्रवारी दुपारी मात्र तिचे अकरा थेंब जास्त पडले. पाणी केव्हाच निळं झालं होतं, तरी नळी उघडीच होती.

कारण शेजारच्या टेबलाशी बुरशीताई मोबाइलवर काहीतरी वाचून खो खो हसत होती. बुरशीताई म्हणजे सूक्ष्मजीव विभागातली तिची मैत्रीण. दिवसभर काचेच्या बशांमध्ये बुरशी वाढवायची आणि डबा मात्र सगळ्यांच्या आधी उघडायची.

“अगं, तो गेम खेळतेस ना तू, आंधळ्या विणकरणीच्या झोपडीचा? त्याचा नवा भाग आलाय! ती म्हातारी विचारते, माझा मुलगा काय लिहितो? आणि आपण खोटं सांगायचं ठरवलं, की आपलं पात्र काय सांगतं माहितीये? ऐक… ‘आई, त्याच्या खिडकीत रोज एक लंगडं कबुतर येतं. एका पायावर इतक्या ताठ मानेनं उभं राहतं, की त्याने त्याचं नाव साहेब ठेवलंय.’ साहेब! अगदी आपले साहेब गं! जो तो त्या कबुतराची चित्रं काढत सुटलाय… अगं, नळी बंद कर, नळी!”

तिने नळी बंद केली. निदान तसं तिला वाटलं. बोटं गार पडली होती आणि ती आपलीच आहेत की नाहीत, याची खात्री देता येत नव्हती.

ते कबुतर कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. ते तिच्या स्वयंपाकघरात जन्मलं होतं, दोन महिन्यांपूर्वी, एका शनिवारसाठी. पृथ्वीच्या पाठीवर ते तिच्याशिवाय फक्त दोन माणसांना माहीत होतं. एक तिचे बाबा, ज्यांना ते खरं वाटत होतं. आणि दुसरा… नावाडी.

“काय झालं? पांढरी फटक पडलीस,” बुरशीताई म्हणाली.

“काही नाही. अजून एकदा करते.”

*

बाबा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि निवृत्त होताना आपल्याच मुलाची एक चूक त्यांना सोसली नाही. दादाने न सांगता नोकरी सोडली होती, एवढंच. शब्दाने शब्द वाढला, आणि बाबा म्हणाले, “परत तोंड दाखवू नकोस.” दादा गेला. मग वर्षभरात बाबांच्या डोळ्यांत मधोमध डाग धरला. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. तोंड दाखवायला कुणी आलं असतं, तरी आता ते दिसलं नसतं.

दादाचे दोन संदेश आले, दोन्ही तिच्या मोबाइलवर, दोन्ही दोनच ओळींचे. तिने ते वाचून दाखवले तेव्हा बाबांनी त्या दिवशी दोनदा चहा मागितला. मग दादा गप्प झाला. तिने तीनदा लिहिलं, उत्तर नाही. चौथ्यांदा नंबरच बंद होता. आणि बाबांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या सकाळी, चाकांच्या खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, “त्याचं काही आलं का गं?”

ती म्हणाली, “हो.”

एका दिवसापुरतं होतं ते. शस्त्रक्रियेने डाग काही गेला नाही, आणि त्या एका दिवसाला आता दोन वर्षं झाली होती. दर शनिवारी दुपारच्या चहानंतर ती मोबाइल हातात धरून दादाचं पत्र ‘वाचायची’. बाबा ऐकायचे आणि मान डोलवायचे. “भाषा सुधारली हं त्याची तिकडे जाऊन. पूर्वी एका वाक्यात तीन चुका करायचा.” मग ते उत्तर सांगायचे, स्वल्पविरामांसकट. शंभरावर उत्तरं तिच्या मोबाइलच्या पोटात न पाठवलेली पडून होती.

खरं सांगायचं, असं ती दर रविवारी ठरवायची. दर शनिवारी कबुतरं उडवायची.

आणि अशात बुरशीताईनेच तो गेम तिच्या गळ्यात मारला. “खेळ गं थोडं, डोकं हलकं होतं.” संध्याकाळी साडेसहा ते आठ बाबा रेडिओ ऐकायचे, तेव्हा ती कानांना हेडफोन लावून बसायची. गेममध्ये तिने नाव घेतलं ‘थेंब’. डोंगर चढली, दोन राक्षस मारले, एकाला सोडून दिलं, आणि एका संध्याकाळी नदीकाठच्या झोपडीत शिरली. तिथे सतत पाऊस पडायचा, पण अंग भिजत नव्हतं. आत आंधळी विणकरीण मागावर बसलेली. थेंबने लढाईवरून आणलेली बातमी तिच्या मुलाच्या मरणाची होती. म्हातारीने विचारलं, “माझा मुलगा येतोय ना?” आणि खाली दोन चौकटी उघडल्या. ‘सत्य सांगा.’ ‘तो येतोय म्हणा.’

हा गेम कुणीतरी तिच्या घरात डोकावून लिहिला होता की काय?

ती निवडू शकली नाही. बंद केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन उभी राहिली, तिसऱ्याही. चुलीत लाकूड सारायची, सुटलेला धागा उचलून द्यायची, आणि आठ वाजले की जायची. काहीच निवडलं नाही, तर दर पाच मिनिटांनी म्हातारी म्हणायची, “बसा. घाई नाही.” ते ऐकायलाच जणू ती येत होती.

एकतिसाव्या संध्याकाळी झोपडीत आणखी कुणी तरी उभं होतं. रुंद खांदे, दाट दाढी, खांद्यावर वल्हं, टोपीवरून पाणी निथळतंय. कानात एकदम आवाज आला, सर्दी झाल्यासारखा.

“बाई, इथे रांग आहे का?”

ती खुर्चीतून उडालीच. “न… नाही.”

“मग पुढे का सरकत नाही?”

“विचार करतेय.”

“किती वेळ झाला?”

“एकतीस दिवस.”

पलीकडे हसू फुटलं, छान, मोकळं. “एकतीस दिवस! लोक याहून कमी वेळात लग्न ठरवतात.”

“आणि मग उरलेला जन्म विचार करतात.”

“हे बाकी खरं. मी नावाडी. तू निवडेपर्यंत मी इथे पावसापासून आडोसा घेतला, तर चालेल?”

“इथे कुणी भिजत नाही.”

“मला भिजल्यासारखं वाटतं. माझ्या वाटण्याला काही किंमत?”

तो दुसऱ्या दिवशीही आला. मग रोजच. साडेसहा वाजत आले की तिचं लक्ष घड्याळाकडे जायचं, आणि नावाड्याची टोपी दारात दिसली की उगाचच ती इकडे केस सारखे करायची. कुणाला दिसणार होते! तो नदीतून मासे धरून आणायचा आणि एकेकाला नाव ठेवायचा. ती त्याला टोकायची, “काल याचंच नाव वेगळं होतं.” तो म्हणायचा, “मोठा झालाय तो.” आणि म्हातारीच्या “बसा. घाई नाही”ला दोघं एका सुरात साथ द्यायचे.

सत्तराव्या दिवशी तिने त्याला सांगितलं. दादाचं, बाबांचं, शनिवारचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी.

त्याने खांद्यावरचं वल्हं खाली ठेवलं.

“बोल ना काही.”

“बोलत नाहीये… ऐकतोय. उद्या काय सांगणार आहेस त्यांना?”

तेव्हापासून शनिवारचं पत्र शुक्रवारी आधी नावाड्याला ऐकवायचं, असा प्रघातच पडला. कबुतर त्याला ऐकवलं, तेव्हा तो इतका हसला की ठसका लागला. “साहेब! थेंब, हे मी चोरणार बरं का!”

“चोर की. कबुतर कुठे माझ्या मालकीचं?”

तीन वेळा त्याने विचारलं, भेटायचं का? एकाच शहरात तर आहोत. तिन्ही वेळा ती म्हणाली, “विचार करते.”

“म्हणजे एकतीस दिवस.”

“किमान.”

आणि आता ते कबुतर लाखभर लोकांच्या पडद्यावर एका पायावर उभं होतं.

*

बसमध्ये तिने विचार शिस्तीत मांडायचा प्रयत्न केला. योगायोग? लंगडं कबुतर कुणालाही सुचेल. एका पायावर ताठ उभं, तेही सुचेल. नाव साहेब? तिन्ही एकत्र, त्याच म्हातारीच्या तोंडावर, तेही नेमकं खोट्या उत्तरात? नाही. मग एकच शक्यता उरत होती. नावाडी नुसता खेळत नव्हता. तो आतला माणूस होता. ते लिहिणाऱ्यांपैकी कुणीतरी. चार महिने तिच्या शेजारी उभा राहून त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती.

पुढच्या सीटवरच्या दोन कॉलेजातल्या मुली फोटो काढत होत्या. एक हळूच पाय दुमडून, मान ताठ करून म्हणाली, “साहेब आले, उठा!” दुसरी हसून हसून लोळली. तिला वाटलं, आपलं स्वयंपाकघर कुणीतरी उचलून भर बसमध्ये मांडलंय.

घरी बाबा खिडकीशी बसले होते. तिची पावलं ऐकून म्हणाले, “उद्या शनिवार. बघू या आपले साहेब काय म्हणतात. आणि परवा तुझी ती मैत्रीण येणार ना? तिला साहेबाची गोष्ट मी सांगणार हं, तू मध्ये बोलायचं नाहीस.”

बुरशीताई रविवारी पहिल्यांदाच घरी येणार होती. एरवी घरी कुणी येत नव्हतं, म्हणून बाबांनी ही गोष्ट पहिल्या पाहुणीसाठी राखून ठेवली होती. ते कौतुकाने सांगणार… आणि बुरशीताई हसत म्हणणार, “अहो काका, हे तर त्या गेममधलं!” बाबांना कळणार होतं. प्रश्न एवढाच होता, की कुणाच्या तोंडून.

साडेसहाला तिने गेम उघडला. झोपडीत नावाडी नव्हता. त्याचा निरोप होता. “थेंब, माझ्याकडून चूक झाली. बोलायचंय. उद्या येतो.”

कुठे येतो? मग तिला आठवलं. पाणी तपासते, हे तिनेच सांगितलं होतं. आणि शहरात तशी प्रयोगशाळा एकच होती.

“बसा,” म्हातारी म्हणाली. “घाई नाही.”

“आहे,” ती पडद्याला म्हणाली, आणि बंद केलं.

*

शनिवारी अर्धा दिवस. नमुने घ्यायच्या खिडकीशी तिची पाळी होती. लोक विहिरीचं, टाकीचं, बोअरचं पाणी घेऊन यायचे, ती अर्ज तपासायची आणि बाटलीवर चिठ्ठी लावायची.

“नमुना कुठून घेतलात?” तिने मान वर न करता विचारलं.

“ऑफिसच्या नळातून.”

सर्दी झाल्यासारखा आवाज.

पेन तिथल्या तिथे थांबलं. तिने हळूहळू वर पाहिलं. वल्हं नव्हतं, दाढी नव्हती, रुंद खांदे तर औषधालाही नव्हते. उंच, किडकिडीत, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात, आणि चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा. हातात सरबताची जुनी बाटली, अर्धी भरलेली.

तिने अर्ज वाचला. तक्रारीचं स्वरूप: ‘गढूळपणा. पाण्याचा नाही.’

रागाने तिच्या कानशिलांना चटका बसला… आणि त्याच वेळी, हे काय, ओठांचं एक टोक हललं. त्या टोकाचा तिला फार राग आला.

“नमुना नाकारला,” ती म्हणाली. “बाटली निर्जंतुक नाही. पाणी दोन लिटर हवं, हे अर्धंही नाही.”

“पुन्हा आणू?”

“तुम्हाला कुणी बोलावलंच नव्हतं.”

चार महिने ‘तू’ होतं ते. ‘तुम्ही’ ऐकून त्याचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला.

काचेमागून बुरशीताईने डोकं काढलं. “कोण गं हा?”

“नमुना,” ती म्हणाली. “बाहेर बघते मी याच्याकडे.”

मागच्या अंगणात, जिथे धुतलेल्या बाटल्या उन्हात उलट्या ठेवत, तिथे एक सिमेंटचा कट्टा होता. ती बसली नाही. मग तोही उभाच राहिला.

“लिहिता तुम्ही. तो गेम.”

“हो. ती झोपडी माझी. म्हातारीसुद्धा.”

“आणि माझ्याशी बोलत होतात ते काय? माल गोळा करत होतात?”

“नाही! शपथ… नाही, शपथ नको. आमच्याकडे दिसतं, कुठलं वाक्य किती वेळा वाजलं. ‘बसा, घाई नाही’ मी कुणी ऐकणार नाही म्हणून लिहिलं होतं. लोक दहा सेकंदांत निवडतात आणि पुढे पळतात. शंभरातले त्र्याऐंशी खोटं सांगतात. आणि एके दिवशी पाहतो, तर ते वाक्य चारशेहून जास्त वेळा वाजलेलं, आणि एकाच माणसासाठी. मला वाटलं, काहीतरी बिघाड आहे. बघायला आलो.” त्याने आवंढा गिळला. “बिघाड नव्हता. तू होतीस.”

तिच्या त्या सगळ्या संध्याकाळी, ज्या तिला वाटत होतं कुणालाच माहीत नाहीत, त्या कुणीतरी मोजल्या होत्या. याचा राग यावा की काय यावं, तेच कळेना.

“का नाही सांगितलंत?”

“पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर तू विचारलं असतंस, सत्य सांगितलं की पुढे काय होतं? आणि नंतर… नंतर तू तुझ्या बाबांचं सांगितलंस. मग सांगायला तोंडच राहिलं नाही.”

“कबुतर,” ती म्हणाली.

“आम्ही आधी रिकाम्या चौकटीत काहीही टाकून ठेवतो. ‘इथे रडवणारं काहीतरी’ असं. मग बदलायचं. लक्षात राहावं म्हणून चौकटीला लाल खूण करायची. त्या दिवशी मला एकही चांगलं खोटं सुचेना. तुझं कबुतर डोक्यात होतं. ते टाकलं, आणि खूण करायला विसरलो.”

थेंबाची मान बारीक होताना बघावं, तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. चार सेकंद असतील. सहा वर्षं तिने याच कामाचे पैसे घेतले होते, कुठल्या थेंबाला रंग बदलतो ते बघायचे.

“विसरलात?” तिने विचारलं. “की ठेवलंत?”

एका बाटलीवरून पाण्याचा ओघळ खाली आला आणि सिमेंटवर वाळला.

“आधी विसरलो,” तो म्हणाला. “मग आठवलं. तेव्हा नवा भाग बाहेर पडायला चार तास होते. दोन मिनिटांचं काम होतं… नाही केलं. ठेवलं. मी लिहिलेल्या सगळ्यांत तेच एक जिवंत होतं. मला ते माझं म्हणून बघायचं होतं.”

ती आ वासून बघत राहिली. संतापही नीट येईना. हा माणूस वेडा आहे का?

“तुम्ही… विसरलो एवढ्यावर थांबला असतात, तर मला कधीच कळलं नसतं.”

“हो.”

“मी कदाचित माफसुद्धा केलं असतं. ‘चोर की’ असं मीच म्हटलं होतं, ते तरी सांगायचं होतं.”

“ते तू नावाड्याला म्हणालीस. मला नाही.” त्याचा आवाज आणखी बसला. “थेंब, त्या दोन चौकटी मी लिहिल्या. दोन वर्षं मला वाटत होतं, दुसरी मायेची आहे. काल तुला निरोप लिहायला बसलो, तेव्हा पहिल्यांदा स्वतः त्या चौकटींसमोर उभा राहिलो. सोपं नाही गं. एकतीस दिवस काहीच नाहीत.”

ती कट्ट्यावर बसली.

“सोमवारी काढतो ते वाक्य,” तो म्हणाला. “बदल पुढे पाठवणारे आज सुट्टीवर आहेत, नाहीतर आजच.”

“काढा. ते बाबांचं आहे.”

“हो.”

“सोमवारी उपयोग नाही मला. उद्या बुरशीताई घरी येतेय. आणि आज… आज शनिवार आहे.”

त्याला कळलं. तिने पाहिलं, की त्याला पूर्ण कळलं, आणि तो काही सुचवायला गेला नाही. नवं खोटंही नाही, सांत्वनही नाही. फक्त कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन माणसांची जागा सोडून बसला.

“सत्य सांगितलं, की म्हातारी काय करते?” तिने विचारलं.

“सांगू?”

तिने तोंड उघडलं… आणि मान हलवली. “नको. आधी कळलं, तर ते निवडणं कसलं?”

आत घंटा झाली. अर्धा दिवस संपला होता. ती उठली, पदर नसताना पदर सारखा केल्यासारखा ओढणीला हात लावला, आणि दोन पावलं जाऊन थांबली.

“माफ केलेलं नाही.”

“माहीत आहे.”

“किती दिवस लागतील, सांगता येत नाही.”

“आडोशाला उभा राहीन. मला सवय आहे.”

पुन्हा ते ओठांचं टोक! या वेळी तिने त्याला आवरलं नाही. “बटण नीट लाव,” ती म्हणाली. “बाबांना समोरचं दिसत नाही, पण कडेचं सगळं दिसतं. आणि तिथे तू बोलायचं नाहीस. बोलणार मी आहे. चल.”

तिने ‘तू’ म्हटलंय, हे त्याला कळायला फाटक यावं लागलं. मग तो इतका घाईघाईने बटण लावू लागला, की दुसरंही चुकलं.

*

बाबांचा चहा झाला होता. कप बशीत उलटा ठेवायची त्यांची खूण होती: झाला, आता वाच.

“दोन माणसांचे पाय वाजले,” ते म्हणाले. मान थोडी तिरकी करून त्यांनी डोळ्यांच्या कडेने दाराकडे पाहिलं. “एक लांबट आहे. कोण गं?”

“ओळख करून देते, बाबा. माझ्या… माझ्या जवळचा आहे. पण ते नंतर. आधी तुम्ही मला घरात ठेवता की नाही, ते बघू.”

“अगं पण काय झालं?” बाबा हसले. “बरं, आधी पत्र. आठवडाभर वाट बघतोय. साहेबांची तब्येत कशी आहे?”

तो दारातच थांबला होता. एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता, पण शब्द काढत नव्हता. तिने मोबाइल नेहमीसारखा हातात घेतला. पडद्यावर काहीच नव्हतं, कधीच नव्हतं. एक वाक्य तयार होतं, अगदी जिभेवर. साहेबाचा पाय बरा झाला, तो उडून गेला… कुणाला दुखवणारं नाही, कबुतराची गोष्टही संपते, बुरशीताईलाही काहीतरी सांगता येईल. किती सोपं होतं ते.

तिने मोबाइल पालथा घालून टेबलावर ठेवला. मग खुर्ची ओढली, बाबांच्या समोर नाही, बाजूला. जिथून त्यांना तिचा चेहरा दिसला असता.

“घाई नाही, पोरी,” बाबा म्हणाले. “बस.”

तिने चमकून दाराकडे पाहिलं; तिथला माणूस पाय बदलायचा थांबला होता. हे वाक्य बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांचंच होतं, कुणाचंही असू शकतं असं साधं.

तिने त्यांचा हात हातात घेतला. शाईचे डाग केव्हाच गेले होते, तरी बोटं अजून ओळीवरून सरकल्यासारखी हलायची.

“बाबा,” ती म्हणाली, “दादाचं पत्र आलेलं नाही. आज नाही, आणि गेल्या दोन वर्षांत एकही नाही. तुमच्या शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनची सगळी पत्रं मी केलेली आहेत. साहेबसुद्धा. दादा कुठे आहे, मला माहीत नाही… आणि आता मी तुम्हाला पत्र वाचून दाखवणार नाही.”